सुई घेतली, तरी दाराबाहेर

मला सुईची भीती नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण त्या वर्षी हॉस्पिटलात जो तो हेच म्हणत होता की मामा घाबरला. लहानपणी देवीची लस टोचणारी बाई गावात आली तेव्हा बाकीची पोरं ज्वारीच्या कणगीमागे लपलेली, मी दंड पुढे करून उभा होतो. त्याचा रुपयाएवढा डाग अजून आहे, कुणालाही दाखवतो. करोनात तर पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत मी होतो. तेव्हा आम्हाला योद्धे म्हणत होते, गेटावर फुलं उधळत होते. एक पाकळी माझ्या तोंडात गेली, तीसुद्धा मी मान राखून गिळली.

कल्याणला एका खासगी हॉस्पिटलात मी मामा आहे. मामा म्हणजे वॉर्डबॉय. बॉय म्हणवून घ्यायचं माझं वय राहिलं नाही, आणि वय होतं तेव्हाही मी कुणाला म्हणू दिलं नसतं. शिक्षण चौथीपर्यंत. जवळच्या मोहने गावच्या कंपनीत उमेदीची वर्षं घातली, कंपनी बंद झाली तेव्हा हातात जी ताकद शिल्लक राहिली ती इथे आणली. पेशंटला खाटेवरून स्ट्रेचरवर घ्या, स्ट्रेचरवरून खाटेवर ठेवा, एक्स-रेला न्या, परत आणा. बघणाऱ्याला हमाली वाटते. पण उचलायची एक पद्धत असते. पेशंटचे दोन्ही हात आपल्या मानेत घालून घ्यायचे, त्याला सांगायचं, लाजू नका, मिठी मारा, आणि मग उठायचं. माणूस असा गळ्यात पडतो की त्याने सकाळी चहाबरोबर काय खाल्लं ते वासावरून कळतं. नवीन मुलं काखेत हात घालून ओढतात, पेशंट ओरडतो. माझा पेशंट कधी ओरडलेला नाही.

तर त्या वर्षी दसऱ्याच्या आधी हॉस्पिटलात फ्लूची लस आली. म्हणजे सर्दी-तापाची, पण साध्या सर्दीची नाही, जी छातीत उतरते तिची. बर्फ घातलेला लसीचा डबा खालून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत मीच उचलून नेला. आत डॉक्टर मंडळी बसलेली, मग सिस्टर लोक गेल्या, चहा झाला, बिस्किटं झाली. मी दारात उभा. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, मामा, बाही वर करा. कुणी म्हटलं नाही. झाडू-पोछा करणाऱ्या मावशीने धीर करून विचारलं तर आतून उत्तर आलं, तुमचं नंतर बघू. रिकामा डबासुद्धा मीच खाली आणला.

नंतर बघायला त्यांना बरेच दिवस लागले. मग एके सकाळी मेट्रनबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, सगळ्या मावश्या आणि मामा लोकांनी जेवणाच्या सुट्टीत लॉन्ड्रीजवळच्या जिन्यात यायचं, लस आहे. जिन्यात. मळक्या चादरींच्या गाठोड्यांशेजारी. वर खुर्ची आणि चहा, खाली जिना आणि गाठोडी. मावश्या गेल्या, बाकीचे मामा गेले. मी माझा डबा उघडून भाकरी खात बसलो.

मेट्रनबाई मूळच्या कोकणातल्या. नोकरीत आल्या तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. त्या जितक्या कडक तितक्याच माझ्यासारख्या अडेल, म्हणून आमचं जमतं आणि म्हणूनच जमत नाही. त्यांनी विचारलं, मामा, तुम्ही राहिलात. मी म्हटलं, राहिलो नाही बाई, तुम्ही ठेवलात. वर डबा नेताना माझा हात होता, तेव्हा त्याला दंड आहे हे कुणाला दिसलं नाही. आता मला नको.

त्यांनी समजावलं, रागावल्या, मग गेल्या. घरी बायकोला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती तरी बाजू घेईल. ती विहारातून नुकतीच आलेली, पांढरी साडी घडी करत होती. म्हणाली, "अहो, तुमचा सगळा मान दंडातच साठवलाय का? थोडा डोक्यातही राहू द्या." मी जेवलो नाही. नंतर भूक लागली म्हणून जेवलो, पण बोललो नाही.

हे इथेच संपलं असतं. पण आमच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर डायलिसिसची खोली आहे, आणि त्या खोलीत आजी होती.

ज्यांची किडनी काम करत नाही त्यांचं रक्त मशिनीने धुतात, त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून तीनदा यायचं, चार तास खुर्चीत पडून राहायचं. चुकवलं तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं आणि माणूस श्वासाला महाग होतो. आजी कोपर स्टेशनच्या बाजूच्या खाडीलगतच्या गावातली आगरी बाई. तरुणपणी मिठागरात मीठ ओढलेलं, त्यामुळे पायाच्या टाचा दगडाच्या आणि तोंड त्याहून कडक. मुलगा रिक्षा चालवतो, तोच आईला रिक्षात घालून आणायचा. डायलिसिसवाल्यांच्या हातावर ऑपरेशन करून एक नस जाड करून ठेवलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं तर आत भुंगा अडकल्यासारखी ती गुणगुणते. आजी आली की आधी माझा हात त्या नसेवर ठेवायची आणि म्हणायची, बघ, चालू हाय ना गिरन? मग मी तिला गळ्यात घेऊन खुर्चीत ठेवायचो, दुसरा हात धरायचो, सिस्टर दोन जाड सुया टोचायची. मी सांगायचो, मुंगी चावली समजा. ती मला शिव्या द्यायची, शिव्या देता देता सुया आत गेलेल्या असायच्या. हे आमचं ठरलेलं होतं. हॉस्पिटलने ठरवलेलं नाही, आमचं.

तिच्या शेजारच्या खुर्चीत आधी एक काका बसायचे. खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर होते, रिटायर होऊन कल्याणला लेकीकडे राहायला आलेले. आजी आणि काका चार-चार तास भांडायचे, बहुतेक मासळीवरून. आदल्या थंडीत हॉस्पिटलात खोकला फिरला. काकांना ताप आला, छातीत उतरला आणि ते गेले. खोकला कुणी आणला, घरच्यांनी की बाहेरच्यांनी की आमच्यापैकी कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. पण काका गेले म्हणूनच मोठ्या डॉक्टरांनी या वर्षी लसीचं मनावर घेतलं होतं. आजीने त्यानंतर त्या रिकाम्या खुर्चीकडे कधी पाहिलं नाही. तिकडे पाठ करून बसायची, आणि माझा हात आधीपेक्षा घट्ट धरायची.

तर मी जिन्यात गेलो नाही त्याला दोन आठवडे झाले तेव्हा हुकूम निघाला. ज्यांनी लस घेतली नाही त्यांनी डायलिसिसच्या खोलीत जायचं नाही. असा हॉस्पिटलभर मी एकटाच होतो, म्हणजे माझ्या एकट्यासाठी हुकूम. मला तर थोडं बरंच वाटलं. माझी ड्यूटी एक्स-रेला लावली.

त्या दिवशी आजी आली, व्हीलचेअर ढकलायला दुसरा मामा गेला. तिने विचारलं, मामा कुठं? त्याने सांगितलं, मामाची बदली. आजी म्हणाली, मग माजीपन बदली. सिस्टरने, मुलाने, सगळ्यांनी हातापाया पडून तिला कशीबशी बसवलं, तर निम्म्या वेळातच सुया काढायला लावल्या. पुढच्या वेळी खुर्चीतच बसेना. मुलाने तिला तशीच रिक्षात घातली आणि घरी नेलं.

मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, बघा, आता कळेल त्यांना मामाची किंमत. खरं सांगायचं तर तो दिवस मी छाती काढून फिरलो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा एक्स-रेच्या दारात आला. खाकी शर्टाची बटणं वरखाली लावलेली. म्हणाला, मामा, आई रात्रभर बसून होती, आडवं पडवत नाही तिला. पाय बघाल तर हंड्यासारखे झालेत. बाहेर रिक्षात आहे. तुम्ही एकदा बोला.

मी बाहेर गेलो. आजी रिक्षात मागे बसलेली, तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होती, तरी बोलत होती.

"मना सांगतस मुंगी चावल," ती म्हणाली. "मना त्या दाभनाएवर्‍या सुया, त्यापन दोन, दर खेपेला. आनि तुला एक बारकी, वर्साची एक, ती नको?"

मी म्हटलं, आजी, सुईचा प्रश्न नाही, मानाचा आहे.

"मंग तुजा मान सांभाल," ती म्हणाली. "मी चालली घरा."

आणि मुलाला म्हणाली, रिक्षा चालू कर. मुलगा हँडलला हात लावून माझ्याकडे बघत राहिला. त्याला चालूही करता येईना आणि उतरताही येईना.

मी तसाच आत गेलो, थेट मेट्रनबाईंच्या टेबलापाशी. मी माघार घ्यायला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. म्हटलं, बाई, लस आधी कुणाला द्यायला पाहिजे होती ते सांगा. डॉक्टर पेशंटपासून छाती तपासायच्या नळीच्या अंतरावर उभा राहतो. सिस्टर हाताच्या अंतरावर. आम्ही पेशंटला गळ्यात घेतो. त्याचं नाक माझ्या कानात, माझं तोंड त्याच्या खांद्यावर. आणि विसरलात कुणाला, तर आम्हाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"विसरलो, ती आमची चूक," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही जे बोललात तेच परत एकदा बोला, फक्त तुमच्या जागी आजीला ठेवून. तुमचं तोंड तिच्या खांद्यावर. मग?"

मी त्यांचं पेन उचलून टेबलावर सरळ करून ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं की आजीला तिची लस कधीच दिली आहे. पण डायलिसिसवाल्यांच्या अंगात ती पुरती लागत नाही, अर्धवट लागते. म्हणून तिच्या आसपासच्या माणसांनी घ्यायची. ही सुई तुमच्यासाठी नाहीच मामा, त्या म्हणाल्या, तुम्हाला काही होणार नाही, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल. ही आजीची सुई आहे, ती फक्त तुमच्या दंडात टोचायची आहे.

हे मला आधी कुणी असं सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणत होते, मामा, तब्येतीला चांगलं असतं. माझ्या तब्येतीला कुणी चांगलं-वाईट सांगायची गरज नाही. पण आजीची म्हटल्यावर ती नाकारायचा मला हक्क राहतो का, ते कळेना. तरी मी रिकाम्या हाताने हो म्हणणारा माणूस नाही. म्हटलं, घेतो. पण जिन्यात नाही. डॉक्टरांच्या खोलीत, खुर्चीत बसून. आणि पुढच्या वर्षी आधी मावश्या आणि मामा, मग बाकीचे.

बाई म्हणाल्या, "चहा पण लागेल का?"

मी म्हटलं, कपबशीत.

डॉक्टर राउंडला गेलेले, त्यांची खोली मोकळी होती. मी त्यांच्याच फिरत्या खुर्चीत बसलो. बाईंनी स्वतः सुई दिली. कशी दिली ते कळलं नाही, इतका हलका हात. मी म्हटलं, झाली? तर म्हणाल्या, कधीच, चहा प्या, गार होतोय. मी बशीत ओतून सावकाश प्यालो. बशी खाली ठेवली, दंडावर कापसाची चिकटपट्टी तशीच दिसेल अशी बाही वर दुमडली आणि निघालो. वाटेत दोन मावश्या भेटल्या, त्यांना पट्टी दिसावी म्हणून थोडा थांबलोसुद्धा. बाहेर येऊन रिक्षापाशी म्हटलं, चला आजी, घेतली. तिने पट्टी बघितली, बोटाने दाबून बघितली, खरी आहे का म्हणून. मग मुलाने आणि दुसऱ्या मामाने तिला व्हीलचेअरवर घेतलं. मी पुढे, वरात मागे.

डायलिसिसच्या काचेच्या दारात मेट्रनबाई हात आडवा करून उभ्या.

"मामा, तुम्ही नाही," त्या म्हणाल्या.

मी दंड दाखवला.

"लस अंगात भिनायला दोन आठवडे लागतात. तोवर बाहेर."

माझ्या आयुष्यात मला इतकं फसवल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तुम्ही कपबशीचं विचारलंत, याचं नाही विचारलंत. मला वाटत होतं, सुई म्हणजे चावीसारखी. लावली की दार उघडलं. ती बी पेरल्यासारखी निघाली. मावश्या जिन्यातल्या जिन्यात घेऊन मोकळ्या झालेल्या, त्यांचं बी दोन आठवड्यांत उगवलं होतं. मी मात्र कोरडा.

आजीला आत नेलेलं. काचेतून मला दिसत होतं, ती खुर्चीच्या दांड्याला धरून बसली होती आणि मान हलवत होती, नाही, नाही. सिस्टर सुया घेऊन तशीच उभी. माझ्याशेजारी तिचा मुलगा. त्याच्या खिशातून मोबाइल डोकावत होता. त्यालाच पहिल्यांदा सुचलं की मला, यावर आमचा अजून वाद आहे. मी म्हणतो मला. आत पोछा मारणारी मावशी होती, तीच जिने पहिल्या दिवशी दारातून विचारलं होतं. मुलाने माझ्याकडून नंबर घेऊन तिला फोन लावला. तिने फोन आजीच्या खांद्यावर ठेवला, आवाज मोठा करून. मी काचेला नाक लावून बाहेरून बोललो, आजी, मी इथेच आहे. आजीने इकडे बघितलं.

फोनवर तिचा आवाज आला, "तिकरं काय करतस? आत ये."

म्हटलं, येऊ देत नाहीत. अजून भिनली नाही.

मग मी तिला म्हटलं, मावशीचा हात धर, आणि मला काय शिव्या द्यायच्यात त्या दे. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, खोपटवाले काका म्हणायचे, खाडीचा निवटा म्हणजे चिखल, खायचा तर समुद्राचा पापलेट. मला तेच खरं वाटतं. हे काका खरंच म्हणायचे, आणि दर वेळी आजी पेटायची. काकांचं नाव त्या खोलीत कित्येक महिन्यांत कुणी काढलं नव्हतं. आजीने खुर्चीचा दांडा आणखी घट्ट धरला. मला वाटलं, चुकलो. मग तिने पहिल्यांदाच मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघितलं आणि काकांच्या डेपोपासून माझ्या चाळीपर्यंत सगळ्यांचा उद्धार सुरू केला. खाडीचा निवटा कसा साफ करायचा, त्याला चिंच किती घालायची, आणि शहरातल्या बाप्यांना काय कळतं. मावशीने मध्येच तिचा हात हातात घेतला. सिस्टरने एक सुई घातली. निवट्याला मीठ कधी लावायचं इथपर्यंत आजी आली तोवर दुसरी गेली. मशीन चालू झालं.

मुलगा बाहेर बाकावर बसला आणि शर्टाची बटणं नीट लावायला लागला. मी काचेपाशी उभाच राहिलो. बाई एक्स-रेकडे बोट दाखवत होत्या, मी तिकडे बघितलंच नाही.

पुढे असंच चाललं. आजी यायची, मावशी हात धरायची, मी बाहेरून फोनवर भांडण काढायचो. रोज नवीन विषय आणायला लागायचा. कल्याणच्या भाजीवरून झालं, रिक्षाच्या भाड्यावरून झालं, माझ्या नाकावरूनही झालं, ते काचेला चपटं होऊन कसं दिसतं यावरून. आजीचे पाय उतरले. श्वास नीट झाला, त्यामुळे शिव्या लांब झाल्या. बाकीचे पेशंटही ऐकायला लागले. एक जण म्हणाला, आमच्याही फोनवर लावा.

मग दोन आठवडे झाले. त्या सकाळी मी दाढी करून, धुतलेला युनिफॉर्म घालून गेलो. मेट्रनबाईंनी स्वतः दार उघडलं आणि म्हणाल्या, या. मी आजीला व्हीलचेअरवरून गळ्यात घेतलं, खुर्चीत ठेवलं, तिने माझा हात नसेवर ठेवला, गिरण चालू होती. सगळं आधीसारखं. मी तिचा दुसरा हात धरायला गेलो तर तिने तो मागे घेतला.

"मावशीला बोलव," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी आलोय ना आता.

"तुजा हात म्हंजे सुका बोंबील. तिचा मऊ हाय." आणि वर म्हणाली, "तू बाहेर जा, फोन कर. समोर बसून तुज्याशी भांडाला मजा नाय येत."

सिस्टर हसायला लागली. मावशी बादली ठेवून हात पुसत आली, अशी आली जशी सून येते. मी म्हटलं, मी मान बाजूला ठेवून आजीची सुई घेतली, आणि आजीच मला बाहेर काढते. पण भांडायला वेळ नव्हता, सुया तयार होत्या. मी दाराबाहेर गेलो, खिशातून फोन काढला, आणि मावशीच्या नंबराला लावला. काचेतून आजीने बोट दाखवलं, थोडा डावीकडे सरक, तिथून नीट दिसत नाही. मी सरकलो.